टाके भरले, मांड्यांचं काय?

आकुर्डीच्या कामगार वस्तीत कुणी पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आलं, की आधी शिजते ती तांदळाची पेज. मग वरणाचं पाणी, मऊ भात. ‘टाके ओले आहेत, पडून राहा,’ असं येणारा-जाणारा प्रत्येक जण बजावतो. जखम भरते, पण खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढताना मांड्या थरथरतात.

शस्त्रक्रियेचा आघात होताच कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन वाढतात आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. अडीनडीला पीएफ काढावा तसं शरीर स्नायूंतलं प्रथिन मोडून जखमेला, यकृताला, प्रतिकारपेशींना पुरवतं. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला, प्रथिन मोडल्यावर बाहेर पडणारा नायट्रोजन मोजून ही झीज दाखवून दिली. एक ग्रॅम नायट्रोजन गेला, की सुमारे ३० ग्रॅम स्नायू गेला असा हिशेब.

मग ही गळती हार्मोनने थांबवता येईल का? वाढीचं हार्मोन प्रयोगशाळेत बनू लागल्यावर स्वीडनच्या संशोधकांनी पित्ताशय काढलेल्या रुग्णांना ते दिलं. स्नायूंमधली प्रथिननिर्मिती टिकून राहिली, नायट्रोजन कमी वाया गेला. आशा वाढली. पण १९९९मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यांत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अत्यवस्थ झालेलेही होते. फिनलंडच्या चाचणीत हार्मोन मिळालेल्यांपैकी ३९ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २० टक्के. स्नायू वाचवणं म्हणजे माणूस वाचवणं नव्हे, हे इतक्या कठोरपणे क्वचितच सिद्ध झालं असेल.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण मुळात स्नायूंची शिल्लकच थोडी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, यूडकिन यांची ९.१. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली ही तुलना छापून आली. अंगाने बेताचा दिसणारा आपला माणूस स्नायूंच्या बाबतीत गरीबच निघतो.

ही झीज कमी करण्यासाठी डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी रुजवलेली वाट साधी आहे: वेदना नीट आटोक्यात ठेवा, खाणं लवकर सुरू करा, रुग्णाला लवकर चालतं करा. शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅम प्रथिन सुचवलं जातं. साठ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम; एका अंड्यात सहाच. नुसत्या पेजेवर हे भागणार नाही. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराच: डब्यात अंडं, पनीर, घट्ट वरण कधीपासून द्यायचं, आणि रोज किती चालवायचं? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही तेव्हाच सांगा.