शिक्षकाच्या हातून शिक्षकाच्या हाती

वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी आज शहरापासून वेगळी काढून दाखवणे कठीण आहे. १९३२ सालच्या डिसेंबरात विनोबा भावे इथे राहायला आले तेव्हा ती दलितांची एक लहानशी वस्ती होती. केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, हे त्यांनी इथे स्वतःवर तपासले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली होती आणि ती उतरवून घेणारे हात होते साने गुरुजींचे. पुढच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्याच हातांनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेलेले हे पुस्तक अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे शिकवलेल्या शिक्षकाचे आहे आणि ते लिहिण्याआधी काही महिने हा शिक्षक दुसऱ्या शिक्षकासमोर वही घेऊन बसला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मुलांच्या पुस्तकांबद्दल आपण बोलतो ते लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि पालक यांच्या अंगाने. वाड्या-वस्त्यांवरच्या, घरात एकही गोष्टीचे पुस्तक नसलेल्या मुलापर्यंत मात्र पुस्तक पोचते ते शिक्षकाच्या हातून. आणि शिक्षकाच्या हाती ते येते बहुधा दुसऱ्या शिक्षकाकडून: कुणीतरी स्वतः वाचलेले, वर्गात वाचून दाखवलेले, ‘तुमच्या मुलांनाही आवडेल, करून बघा’ म्हणून पुढे केलेले. बालवाचनाची मराठीतली सगळी चळवळ या दुसऱ्या देवघेवीवर उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

वकिलाला मिळालेले पुस्तक

या देवघेवीचे सर्वांत ठळक उदाहरण शेजारच्या गुजरातेतले आहे, पण त्याचे फळ महाराष्ट्राने भरभरून घेतले. गिजुभाई बधेका पेशाने वकील. मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विचाराने ते अस्वस्थ झाले. बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणणारे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी दिलेल्या पुस्तकामुळे मारिया माँटेसोरींच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. पुढे गिजुभाईंनी वकिली सोडली, भावनगरला बालमंदिर उभे केले आणि मुलांसाठी व शिक्षकांसाठी लहान-मोठी शेकडो पुस्तके लिहिली. ‘दिवास्वप्न’ हे त्यांतले आजही शिक्षकांत सर्वांत जास्त फिरणारे पुस्तक. ठरीव अभ्यासक्रम बाजूला ठेवून वर्गात गोष्टी सांगू पाहणाऱ्या शिक्षकाची ती कहाणी आहे.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी अनेक वर्षे चालवली. त्या काळातल्या खेड्यातल्या शिक्षिकेला ही पत्रिका काय वाटली असेल? महिन्यातून एकदा टपालाने येणारी, आपल्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी खबर. गाणी, गोष्टी, खेळ, अडचणी आणि त्यांवरचे उपाय यांची उठबस तिच्यात होत असे. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, अनुताई वाघ तिथे आल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीचे प्रयोग फुलले. मोतीभाईंपासून गिजुभाई, त्यांच्यापासून ताराबाई, ताराबाईंपासून अनुताई अशी ही साखळी पाहिली की एका पुस्तकाची पोच किती लांबवर जाते ते कळते.

वर्ध्यात काय घडले

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती निघाली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमचा आराखडा तयार झाला. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा हे समितीत होते. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामची शाळा उभी केली.

नई तालीमवर पुस्तकांकडे पाठ फिरवल्याचा आरोप नेहमी होतो. तो मला पटत नाही. समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन स्वतः उर्दूत मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही स्वातंत्र्यासाठी लांडग्याशी झुंजणाऱ्या बकरीची कथा आजही मुले वाचतात. शांतिनिकेतनातून १९४४ मध्ये सेवाग्रामला आलेले चित्रकार देवीप्रसाद मुलांकडून चित्रे काढून घेत आणि त्या अनुभवावर त्यांनी शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले. ‘नई तालीम’ हे मासिक निघत होते आणि मार्जोरी साइक्स यांच्यासारख्या शिक्षिका तिथे नव्या शिक्षकांना घडवत होत्या. कापूस, चरखा, बागकाम यांतून मुलांना प्रश्न पडत आणि त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना पुस्तक हाती येई. इथे शिकलेले डॉ. अभय बंग यांनी त्या शाळेविषयी मराठीत जे लिहिले, ते वाचून कितीतरी शिक्षकांनी आपल्या वर्गाकडे नव्या नजरेने पाहिले. बंद पडलेली ती शाळा २००५ पासून ‘आनंद निकेतन’ या नावाने सेवाग्रामला पुन्हा भरते आहे, मराठी माध्यमात.

विनोबांनी हा धागा आणखी पुढे नेला. १९६८ मध्ये बिहारमध्ये त्यांनी ‘आचार्यकुल’ स्थापन केले. शिक्षकांनी पक्ष आणि सत्ता यांच्यापासून मोकळे राहून एकमेकांच्या आधाराने विचार करावा, समाजाला निर्भयपणे सल्ला द्यावा, ही त्यामागची कल्पना. पगार आणि बदल्या यांच्यासाठी शिक्षकांच्या संघटना हव्यातच. पण शिक्षकांना जोडणारा आणखी एक धागा असतो तो अभ्यासाचा, आणि तो त्यांनीच जपायचा असतो, हे विनोबांना नेमके दिसले होते.

घरात बसून देशभर पुस्तके वाटणारा माणूस

आपल्या काळात शिक्षकांपर्यंत पुस्तके पोचवण्याचे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते अरविंद गुप्ता यांनी. जन्म १९५३, बरेलीचा. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, रिकाम्या डब्या यांतून विज्ञान शिकवण्याची वाट त्यांना सापडली. पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली.

खेळण्यांसाठी ते सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे वाटते. जगभरची मुलांची आणि शिक्षणाची पुस्तके त्यांनी स्वतः हिंदीत आणली, मित्रांकडून मराठीत आणि इतर भाषांत आणवली आणि कुणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी इंटरनेटवर ठेवली. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे शाळेच्या आठवणींचे पुस्तक जपानमध्ये १९८१ मध्ये आले. मराठीत ते चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणले, नॅशनल बुक ट्रस्टने ते स्वस्तात छापले. पण डी.एड.च्या विद्यार्थ्यापासून निवृत्त मुख्याध्यापकापर्यंत ते पोचले याचे श्रेय गुप्तांसारख्या, भेटेल त्या शिक्षकाला ‘हे वाचाच’ म्हणणाऱ्या माणसांना आहे.

आजची शिदोरी

आज पुस्तकांची टंचाई आहे असे म्हणता येणार नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्यांनी चित्रमय पुस्तकांची उत्तम परंपरा उभी केली. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत मराठी घरातले मूल जसे बोलते, रुसते, प्रश्न विचारते, तसे दिसते. २०१४ मध्ये साहित्य अकादमीने बालसाहित्यासाठी त्यांचा गौरव केला. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात, त्या छापता येतात, आपल्या बोलीत उतरवता येतात. फलटणची प्रगत शिक्षण संस्था, वाडा तालुक्यातली ‘क्वेस्ट’, पुण्याचे ‘पालकनीती’ मासिक यांनी वाचनाविषयीचा विचार शिक्षकांपर्यंत सातत्याने नेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे सांगितले आणि समग्र शिक्षा योजनेतून त्यासाठी अनुदानही येते.

तरीही अनेक शाळांत पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. कारण साधे आहे. संच येतो, त्याची नोंद होते, एका शिक्षकाकडे त्याचा चार्ज येतो. पुस्तक फाटले, हरवले तर भरून कोण देणार, बदली झाली तर चार्ज कसा द्यायचा, ही धास्ती असते. त्यातून शाळा दोन शिक्षकी, चार वर्ग एकत्र, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा वेगळाच. संचातली पुस्तके शिक्षकानेच वाचलेली नसतात, मग मुलाला कोणते द्यावे हे त्याला कसे कळणार? या शिक्षकाला आणखी एका परिपत्रकाचा काही उपयोग नाही. शेजारच्या शाळेतली एखादी मॅडम म्हणाली की ‘मी कपाट उघडेच ठेवते, वर्षात चार पुस्तके फाटली, आम्ही मुलांबरोबर ती चिकटवली’, तर त्याला धीर येतो. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा आहे, हे दुसऱ्या शिक्षकाच्याच तोंडून पटते.

असे घडते याचा दाखला आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. परतल्यावर त्यांनी आपापल्या वर्गात बदल केले. भाऊसाहेब चासकर यांच्यासारख्या शिक्षकांनी बांधलेल्या ‘ॲक्टिव्ह टीचर्स’च्या मंचावर प्राथमिक शिक्षक पुस्तकांवर, वर्गातल्या प्रयोगांवर बोलतात.

देण्याची रीत

मोबाईलच्या गटांवर पुस्तकांच्या फायलींचा पूर येतो आणि त्यातले फारच थोडे वर्गापर्यंत पोचते. कारण फाईल पाठवणे सोपे आहे, वाचून देणे कठीण. ज्याने पुस्तक दिले त्याने दोन गोष्टी सोबत द्याव्यात: कोणत्या वयाच्या मुलांसमोर वाचले आणि मुलांनी काय केले. कोणत्या पानावर मुले थांबली, कुठला शब्द त्यांना कळला नाही, वऱ्हाडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाने तो आपल्या बोलीत कसा सांगितला, ही माहिती पुस्तकाइतकीच किमती आहे. आणि जे पुस्तक प्रकाशकाकडे विकत मिळते त्याची छायाप्रत फिरवू नये. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती आधीच लहान असते. लेखक आणि चित्रकार टिकले तरच पुढचे पुस्तक येईल. फुकट वाटायला खुल्या परवान्याची पुस्तके भरपूर आहेत.

याहून महत्त्वाची आहे शाबासकी. शिक्षकाला तपासणी करणारे पुष्कळ भेटतात, कौतुक करणारा क्वचित. पहिलीतल्या मुलाने स्वतःहून पुस्तक उचलले, ही बातमी ज्याला सांगावी आणि ज्याला तिचा खरा आनंद व्हावा असा माणूस दुसरा शिक्षकच असतो. कोऱ्या पानांची वही शिवून मुलांच्या तोंडच्या गोष्टी त्यात लिहिणाऱ्या नव्या शिक्षिकेला एखाद्या जुन्या गुरुजींचे चार ओळींचे पत्र पुढची अनेक वर्षे पुरते.

शाळांच्या केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतात. तिथे सूचना आणि माहितीपत्रके यांत वेळ जातो. नालवाडी-वर्धा-सेवाग्रामच्या केंद्रांनी यात पहिले पाऊल टाकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक परिषदेचा पहिला अर्धा तास पुस्तकांना द्यावा. प्रत्येक शाळेतून एकाने, आपल्या वर्गात वाचलेले एकच पुस्तक आणावे, दोन पाने मोठ्याने वाचावीत, मुलांचे म्हणणे सांगावे आणि ते पुस्तक महिनाभरासाठी दुसऱ्या शाळेच्या हाती द्यावे. फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, एवढे केंद्रप्रमुखांनी लेखी सांगावे. दहा शाळांचे केंद्र असेल तर वर्षभरात प्रत्येक वर्गात नवी पुस्तके फिरतील, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दहा शिक्षक एकमेकांचे वाचक होतील. यासाठी निधी लागत नाही, वरून नवा आदेश लागत नाही. ज्या जिल्ह्यात नई तालीमचा आराखडा मांडला गेला तिथल्या शिक्षकांना एवढे करणे जमेल, आणि ते त्यांनीच करायला हवे.