अँपिअरचा काटा

उज्जैनला मक्सी रोडवरच्या कारखान्यांतून विजेची जुनी पॅनेलं निघताहेत आणि त्यांच्याबरोबर अँपिअरचा काटाही. जुन्या वायरमनांना हेच खुपतं. नव्या पडद्यावर हिरवा ठिपका असतो. मोटर किती भार ओढतेय ते बघायचं तर चार बटणं दाबावी लागतात.

 

या काट्याची गोष्ट सांगायची तर दशक १९८४ ते १९९४ हे. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन पसरलं होतं आणि सॉल्व्हंट प्लांट उभे राहत होते. तेल काढायला हेक्झेन. ते ६९ अंशांना उकळतं, हवेत जेमतेम एक-सव्वा टक्का मिसळलं तरी एक ठिणगी पुरते. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून केबलच्या चरांत साचून राहते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण आलं.

या प्लांटचा साधा नियम होता: पुढचं यंत्र चालू असेल तरच मागचं चालेल. पण चालू आहे हे ठरवायचं कशावरून? बहुतेक पॅनेलांत मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर ओढला गेला की हिरवा दिवा लागे, हा नियम पाळायला लावणारा इंटरलॉकही त्यावरच समाधान मानी. पेंड वाहून नेणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरची शिअर पिन (जादा भाराला मुद्दाम तुटणारी खीळ) तुटली तर मोटर रिकामी फिरते, दिवा हिरवाच. मागून पेंड येत राहते, हेक्झेन उडवणारा टोस्टर तुंबतो, आणि मग कुणीतरी झाकण उघडायला जातं.

करंट मात्र खोटं बोलत नाही. साडेसात एचपीची मोटर पूर्ण भाराला सुमारे ११ अँपिअर घेते, रिकामी फिरली तर चार-पाच. तारेभोवती सी.टी. (करंट ट्रान्सफॉर्मर) बसवायची, रिले सात अँपिअरवर लावायचा. करंट त्याखाली गेला की मागची यंत्रं बंद. सुरुवातीला मोटर सहापट करंट ओढते, तेवढे सेकंद टायमरने सोडून द्यायचे. एवढंच.

आणि एवढंही टिकू दिलं नाही. हंगामात दोनदा ट्रिप झालं की वरून हुकूम येई, ‘डायरेक्ट कर दो.’ वायरमन रिलेला बगल देत त्याच्या दोन टर्मिनलांत वायरचा तुकडा अडकवी. हंगाम संपे, तुकडा राहून जाई. ज्याच्या हातून तो लावून घेतला, अपघात झाला तर पहिली विचारणा त्यालाच होई. हा अन्यायच होता.

आता मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आले आहेत. ते स्वतःच करंट मोजतात. पण ते मोजमाप ड्राइव्हच्या पोटात राहतं. इंटरलॉकपर्यंत न्यायला रिले-आउटपुटची एक जोडी ओढावी लागते. अनेक नव्या पॅनेलांत नेमकी तीच जोडी ओढलेली नसते. आणि जुनी पॅनेलं भंगारात देताना झाकण उघडलं, तर सातवर लावलेल्या रिलेच्या टर्मिनलांवर अजून तो वायरचा तुकडा सापडतो, धुळीने काळा झालेला.