दिवाणखान्यातला समुद्र

पोवळं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अंगठीतला लाल खडा, नाहीतर पत्रिकेतला मंगळ! चाळिशी उलटेपर्यंत मीही एवढंच जाणत होते. पोवळं हा एका सागरी जिवाचा सांगाडा असतो आणि त्याचे भाऊबंद जिवंतपणी फुलांसारखे उमलतात नि मिटतात, हे मला आमच्या धाकट्या चिरंजीवांनी शिकवलं. लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलं की तारापोरवाला मत्स्यालयाची फेरी ठरलेली असायची. १९५१ सालचं ते मत्स्यालय. पण तिथं मी मासेच पाहिले, त्यांच्यामागचा खडक काही पाहिला नाही.

मग चिरंजीवांनी हट्ट धरला. घरी गोड्या पाण्याचे मासे होतेच. आता खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी हवी! आमचं घर सांगलीत. समुद्र घाट उतरून चार-पाच तासांवर. ‘हे’ म्हणाले, “वीजबिल तू भरणार असशील तर आण!” तुमच्याही घरी असा हट्ट कधीतरी होईल, म्हणून लिहिते आहे. आणि खरं सांगू? हे काम स्वयंपाकघरात मुरलेल्या बाईलाच चांगलं जमतं. कसं ते पाहा.

पहिली गोष्ट जागा. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. आत खडक-वाळू घातल्यावर खरं पाणी साधारण दीडशे लिटर मावतं. काच, दगड, वाळू सगळं धरून वजन सव्वादोनशे किलोंच्या पुढं जातं. तेव्हा टीपॉयवर, शोकेसवर वगैरे मुळीच नको. भक्कम लोखंडी घडवंची करून घ्या, ती भिंतीलगत ठेवा. खिडकीचं ऊन टाकीवर येता कामा नये, नाहीतर शेवाळं काढता काढता हात दुखतील.

आता पाणी. नळाचं चालत नाही; त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्राचं पाणीही जसंच्या तसं चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार राहू दिलेले असतात. त्यापुढं आणखी एक रेझिनची गाळणी जोडून मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्यायचं. त्यात मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. दीडशे लिटरला सव्वापाच किलो! हे आपलं आयोडीनचं मीठ नव्हे, बरं का. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं पुष्कळ काही असतं, म्हणून त्यासाठी तयार सागरी मिश्रणच आणावं लागतं. पाण्याची घनता मोजायचं साधन मिळतं, त्यावर १.०२५ च्या आसपास आकडा आला की झालं.

इथं आपली अक्कल कामी येते. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मात्र मागं राहतं. आमटी आटून खारट झाली तर आपण काय घालतो? पाणी. मीठ नव्हे! तसंच इथं रोज फक्त गोडं, शुद्ध पाणी घालून पातळी राखायची. चिरंजीवांनी पहिल्या आठवड्यात खारंच पाणी ओतलं आणि खारटपणा चढत गेला. आईला विचारलं असतं तर?

टाकी भरली म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. हा सगळ्यांत अवघड भाग आहे, कारण यात काही करायचंच नसतं. माशांच्या विष्ठेतून, उरल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करतात. म्हणजे विरजण लावण्यासारखंच! फक्त हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, परीक्षेच्या बाटल्यांनी पाणी तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला पाहुणा. मधल्या काळात सगळ्यावर तपकिरी कळकट थर चढतो, मग हिरवं शेवाळं येतं. आलेगेले हळूच विचारतात, “हे असंच असतं का?” असंच असतं. घाबरू नका.

यंत्रं दोन-तीन लागतात. पाणी हलतं ठेवणारे पंप हवेत, कारण प्रवाळ जागचा हलत नाही, त्याचं खाणं आणि हवा पाण्याच्या ओघातूनच यावी लागते. दुसरं फेस काढायचं यंत्र. गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढताना पाहिलीय ना? अगदी तसंच, बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि वरच्या पेल्यात जमते. पेला धुताना नाकाला पदर लावा. तिसरा निळसर-पांढरा दिवा, रोज आठ-नऊ तास. पुष्कळ प्रवाळांच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं!

पाणी खेळतं ठेवण्यावरून एक हकिकत सांगते. १८४६ साली अॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईनं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेले. पंप कुठला त्या काळी? घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. प्रवाळ जगले! त्याआधी १८३२ साली सिसिलीत जान विलप्रे-पॉवर हिनं सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेची टाकी बनवली. ही मूळची शिवणकाम-भरतकाम करणारी. म्हणजे या छंदाची सुरुवात बायकांनीच केली म्हणायची. त्या मोलकरणीचं नाव मात्र कुणी मोठ्यानं घेत नाही.

आता माझी चूक. रोज दोन-अडीच लिटर पाणी घालावं लागे. ते साठवायला मी सासूबाईंचा तांब्याचा हंडा काढला. चिंचेनं लखलखीत घासलेला, दिसायलाही सुरेख! तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, हे आपण ऐकत आलेलो. दोन महिन्यांनी गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. मग कोळंबी गेली. मऊ प्रवाळ मिटले ते उमलेनातच. आम्ही मिठावर संशय घेतला, दिव्यावर घेतला, कामाच्या बाईंच्या फिनेलवर घेतला. त्यांनी बिचाऱ्यांनी तिथं फिनेल वापरलंच नव्हतं. शेवटी पाण्यात तांबं निघालं. क्षार नसलेलं पाणी धातू ओढून घेतं, आणि बिनकण्याच्या सागरी जिवांना तांब्याचा अंशही विषासारखा असतो. धाकटा एक शब्द बोलला नाही. मेलेली कोळंबी त्यानं कुंडीत पुरली. त्याचं ते न बोलणं अजून टोचतं. त्या बाईंची मी माफी मागितली. तेव्हापासून या पाण्याला खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकची पिंपंच. तांब्या-पितळेचं काही जवळ नाही. साबणाचा, क्रीमचा हातही टाकीत घालू नका. डासांचा फवारा त्या खोलीत मारायचाच नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. एका शहरातल्या दुकानदारानं आतल्या खोलीतून बशीत ठेवलेला फांद्याफांद्यांचा दगडी प्रवाळ आणून दाखवला. “ताई, पावती मात्र मागू नका.” तिथंच मी पिशवी उचलली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ त्याच यादीत आहे! तुरुंगवासाची शिक्षा आहे. अंदमानच्या सहलीहून ‘आठवण’ म्हणून मेलेला तुकडा आणणंही त्यातच येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. उरलेल्यांवर आपण हात कशाला टाकायचा? समुद्रातून उचललेला ‘जिवंत खडक’ही नको. सच्छिद्र कृत्रिम खडक मिळतो, त्यावर विरजण लागायला वेळ लागतो एवढंच.

मग ठेवायचं काय? टाकीतच वाढवलेले मऊ प्रवाळ, आणि पावतीसह. मशरूमसारखे चपटे, चामड्यासारखे झुलणारे. त्यांचा बडेजाव नसतो. माशांत विदूषक मासा, तोही पैदाशीचा. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीनं बायकांचे गट शोभेचे मासे आणि कोळंबी टाक्यांतून वाढवतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. या माशांच्या घरात सत्ता बायकोची. ती गेली की नवराच काही काळानं मादी होतो आणि घर चालवतो. ‘ह्यांना’ हे वाचून दाखवलं, तर पेपर तोंडापुढं धरला!

बटणांसारखे रंगीत झुपके दिसतात, त्यांच्याबद्दल मात्र सावध राहा. त्यांतल्या काहींमध्ये अतिशय जहाल विष असतं. आपल्याला सवय अशी, की काही घाण दिसलं की उकळतं पाणी ओतायचं आणि ब्रशानं घासायचं. असा खडक कधीही उकळू नका, कोरडा घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतला खडक घासल्यानं एक अख्खं कुटुंब दवाखान्यात गेलं होतं. ज्या घरात लहान मूल आहे तिथं हे झुपके नकोतच.

उन्हाळ्याचं काय, असं विचाराल. पाणी पंचवीस ते सत्तावीस अंशांवर हवं आणि सांगलीचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. थंड करणारं यंत्र महाग पडतं. आम्ही पाण्यावर छोटा पंखा लावला. माठ गार होतो त्याच न्यायानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण पाणी जास्त उडतं, म्हणजे पिंप जास्त वेळा भरा. एप्रिल-मेत खोलीचं एसीही लावावं लागतं. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू द्या. खर्च एकूण चांगल्या फ्रिजएवढा आला आणि दरमहा विजेचा वेगळा. परवडत नसेल तर गोड्या पाण्याचे गप्पी मासेही गोड दिसतात, त्यात कमीपणा नाही.

आमच्याकडे शनिवार हा पाणी बदलायचा वार. पंधरा लिटर काढायचं, पंधरा घालायचं, मीठ सव्वापाचशे ग्रॅम. ते मी आदल्या रात्री, डाळ-तांदूळ भिजत घातले की लगेच कालवून ठेवते. ढवळायला लाकडी उलथनं, त्यावर ‘मासे’ असं रंगानं लिहिलेलं. सासूबाईंचा हंडा पुन्हा माळ्यावर गेला आहे. मिटलेल्या प्रवाळांतला एक मात्र तग धरून होता. सात महिन्यांनी तो परवा उमलला. धाकटा दात घासता घासता ओरडला, “आई, लवकर ये!” गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं.