परी, पक्षी आणि कापराची दहा बोटं

विक्रम-वेताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उज्जैन येतं. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातला प्रेत खांद्यावर घेऊन मसणवाट तुडवणारा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि तो राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात. म्हणजे पैठणला! औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात एकनाथांच्या मंदिरावरून रोज भाजी घेऊन जाणाऱ्यांना पैठण म्हणजे नाथांचं गाव, एवढं पक्कं ठाऊक असतं. पन्नासेक किलोमीटरवरच्या त्याच गावाला सोमदेवाने वेताळाचा राजाही देऊन ठेवलाय, हे फार कमी जणांच्या कानावर आलेलं असतं.

या राजाला वेताळ जी पहिलीच गोष्ट सांगतो, ती प्रेमाची आहे. काशीचा राजपुत्र एका सरोवरावर एक मुलगी बघतो. ती एक शब्द बोलत नाही. एक कमळ कानात खोवते, दंतपत्र नावाचा दागिना घातल्यासारखं करते, दुसरं कमळ डोक्यावर ठेवते, हात काळजावर ठेवते आणि निघून जाते. राजपुत्र घरी येऊन अंथरूण धरतो. त्याला काही म्हणजे काही कळलेलं नसतं. उलगडा करतो तो प्रधानाचा मुलगा: कानातलं कमळ, म्हणून कर्णोत्पल राजाचं राज्य, दंतपत्र, म्हणून हस्तिदंताचं काम करणाऱ्याची लेक, डोक्यावरचं कमळ, म्हणून नाव पद्मावती, आणि काळजावरचा हात, त्याचा अर्थ सांगायलाच नको. पुढे निरोप घेऊन गेलेल्या म्हातारीच्या दोन्ही गालांवर पद्मावती कापूर माखलेल्या हातांनी चापट्या मारते. दहा बोटांचे पांढरे वळ उठतात. म्हातारी रडत परत येते आणि प्रधानपुत्र खूश होतो: चांदण्या रात्री अजून दहा उरल्यात, तेवढ्या जाऊ द्या! नंतर अळत्याच्या तीन लाल बोटांचे ठसे येतात, तेव्हा आणखी तीन रात्री थांबायचं असतं.

मला या गोष्टीत सगळ्यात खरी वाटते ती राजपुत्राची मंदबुद्धी. प्रेमात पडलेल्याला खुणा दिसतात, पण वाचता येत नाहीत. वाचतो तो शेजारी उभा असलेला मित्र.

अशा खुणा कवितेतही उपमा होऊन येतात, पण परीकथा आणि कविता इथे वेगळ्या वाटेने जातात. कवी ‘जणू’ म्हणतो आणि सुटतो. परीकथेत ‘जणू’ला जागाच नाही. कवितेत मन पाखरासारखं उडेल. परीकथेत मुलगी खरोखर पाखरू होते, आणि मग तिने खायचं काय, बोलायचं कसं, जाळ्यात सापडली तर काय, ही सगळी पंचाईत कथेला निस्तरावी लागते. उपमा खरी मानून तिचे परिणाम शेवटपर्यंत भोगायचे, हा परीकथेचा कायदा. म्हणून प्रेमाबद्दल ती जे शोधून काढते, ते उपमेच्या एका ओळीत मावत नाही.

विजापूरच्या अली आदिलशहा दुसऱ्याच्या दरबारातला कवी नुसरती घ्या. मंझनने 1545 साली अवधीत सांगितलेली मधुमालतीची कथा त्याने शतकभराने दखनीत आणली, तिचं नाव ‘गुलशन-ए-इश्क’. कथेचा नायक मनोहर झोपलेला असतो. पऱ्यांना तो दिसतो आणि याच्या तोडीचं रूप जगात कुठे आहे, यावरून त्यांच्यात खल सुरू होतो. तुलनाच ती, पण तोंडी भागत नाही. पऱ्या त्याचा पलंग उचलतात आणि थेट मधुमालतीच्या महालात तिच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवतात, ताडून बघायला. दोघं जागी होतात, बोलतात, अंगठ्या बदलतात, पुन्हा झोपतात. सकाळी मनोहर आपल्या घरी, बोटात मात्र परकी अंगठी. प्रेमात कुणी चालत जात नाही, जाग येते तेव्हा माणूस आधीच तिथे असतो, हे याहून नेमकं कसं सांगणार? पुढे मधुमालतीची आई रागाने मंत्र घालून तिला पक्षी करून टाकते. विरहाचं एवढं कठोर चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही: सगळं जग धुंडाळायला पंख मिळाले, पण तो भेटला तर धरायला हात गेले.

आणि मग औरंगाबादचा सिराज. अठराव्या शतकातला हा सूफी कवी तरुणपणी सात वर्षं देहभान हरपून फिरला. खुलताबादला सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आसपास त्याचे बरेच दिवस गेले. फारसी-दखनी कथांचा एक जुना नेम आहे: ज्याला परी दिसली, त्याला वेड लागलं. त्यामुळे गझलेत प्रेयसीला नुसतं परी म्हटलं की वेड न बोलावता मागोमाग येतं. अख्खी कथा दोन शब्दांत घडी घालून ठेवलेली. सिराजने ही घडी उलगडली आणि पलीकडे गेला. आबिदा परवीन यांनी गायलेली त्याची सर्वांत गाजलेली गझल पहिल्याच शेरात परीलाही निरोप देते आणि वेडालाही. प्रेम पुरतं आलं की ज्या उपमेवर बसून ते आलं, तीसुद्धा शिल्लक राहत नाही. हे सांगायला त्याला आधी परी लागलीच, हे विसरून चालणार नाही. परीकथा पोटात मुरलेली नसती, तर तिला निरोप तरी कसला देणार?

सिराजने आपल्या प्रेमाची एक मसनवीही, म्हणजे दीर्घ कथाकाव्यही लिहिलं, ‘बोस्तान-ए-खयाल’, इसवी सन 1747 मध्ये, आणि तिचं साल तिच्या नावातच घडी घालून ठेवलं. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. या नावातली अक्षरं मांडा: बे 2, वाव 6, सीन 60, ते 400, अलिफ 1, नून 50, पुढे खे 600, ये 10, अलिफ 1, लाम 30. बेरीज येते 1160, आणि मसनवी लिहिली ते हिजरी सालही 1160. विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा.