वलय जुळले, पुढे काय?

चाल्कोन आणि हायड्राझिन हायड्रेट अल्कोहोलमध्ये काही तास रिफ्लक्सवर ठेवले की पायराझोलीनचे पाच अणूंचे वलय जुळून येते. टीएलसीवर एकच ठिपका दिसला, द्रवणांक स्थिर राहिला आणि एनएमआरने साक्ष दिली की नवे संयुग बाटलीत जाते. आपल्या विद्यापीठांत ही कला चांगली रुळली आहे. ते संयुग जंतूंवर चालते का, हे पाहण्याचे काम मात्र अनेकदा उरकले जाते. या विद्येची कसोटी खरे तर तिथेच लागते.

नेहमीची रीत अशी: म्युलर-हिंटन आगारावर स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय पसरायचा, आगारातल्या छिद्रात द्रावण सोडायचे, ३७ अंशांना रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. पण हे वर्तुळ जंतुनाशक शक्तीइतकेच संयुग आगारात किती पसरते यावरही ठरते. पाण्याशी फटकून असणारे प्रभावी संयुग लहान वर्तुळ देते, आणि शेजारी नुसत्या डीएमएसओ या द्रावकाचे छिद्र नसेल तर मारले कोणी हेही कळत नाही. म्हणून दोन संयुगांची प्रतवारी मिलिमीटरवर लावू नये; जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्राच काढावी. खर्चाची सबब इथे टिकत नाही: ९६ खळग्यांची प्लेट आणि रेझाझुरिनसारखा रंग एवढ्यावर ही मात्रा निघते.

इतके निबंध छापले जातात, त्यांतून औषध किती निघाले, असा टोमणा ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. आयसोनियाझिड १९१२ मध्ये प्रागला तयार झाले आणि क्षयावरचे त्याचे सामर्थ्य १९५० च्या दशकाच्या आरंभी उमगले. साध्या जंतूंवर ते जवळजवळ निष्प्रभ आहे. ठरावीक चार जंतूंच्या चाचणीत ते नापासच झाले असते. डोमाकच्या प्रॉन्टोसिलने उंदीर वाचवले, परखनळीत मात्र त्याचा प्रभाव दिसेना, कारण शरीरात त्याचे सल्फानिलामाइड होत होते. क्लोरोक्विनच्या कामातल्या एका उपपदार्थाने नॅलिडिक्सिक आम्लाची वाट दाखवली. पुढे तशाच वलयावर फ्लोरिन आणि पिपराझिन बसवत सिप्रोफ्लॉक्सासिनपर्यंत मजल गेली. आज अशा निबंधांच्या तक्त्यांत अनेकदा तुलनेला असते ते हेच.

तेव्हा दोष वलये घडवण्याचा नाही, घाईने मोजण्याचा आहे. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या को-ॲड उपक्रमाने तर जगभरच्या रसायनज्ञांची संयुगे विनामूल्य तपासून दिली. मार्गदर्शकांनी निबंध धाडण्यापूर्वी किमान मात्रा आणि मानवी पेशींवरची विषारकता मागावी, आणि निष्प्रभ ठरलेल्या संयुगांचे आकडेही छापावेत.