जोडून आलेली सुट्टी

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सुट्टीतील सायकल-सहल’ असे कळवले. त्यांना ते खरे वाटेना. ‘तुम्ही बोनसवर बोला, कंत्राटी कामगारांवर बोला, सहलीवर बोलायला आमच्याकडे दुसरी माणसे आहेत,’ असे ते हसत म्हणाले. कामगार चळवळीतल्या माणसाने सहलीवर बोलू नये, ही समजूत केवळ त्यांचीच आहे असे नाही. ती आमचीही होती. ती कशी गेली हे शेवटी सांगू.

शनिवार-रविवारला एखादा सणाचा सोमवार जोडून आला, की त्या पहाटे निगडीच्या चौकात उभे राहून पाहावे. डोक्याला शिरस्त्राण, मागे लाल दिवा, अशा सायकलस्वारांचे थवेच्या थवे जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोड, तळेगाव, लोणावळ्याकडे निघालेले दिसतात. पाहणारे विचारतात, ‘ही सायकल कितीची हो?’ उत्तर ऐकून तोंडात बोट घालतात. सायकलीची किंमत सगळे विचारतात. सुट्टीची कोणी विचारत नाही. वास्तविक सहलीला दोन वस्तू लागतात. एक सायकल आणि दुसरी सुट्टी, आणि तीही नुसती सुट्टी नव्हे, तर जोडून आलेली. या दोन्ही वस्तू सामान्य माणसाच्या हाती कशा आल्या, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम सायकल. जुन्या सायकलीचे पायटे पुढच्या चाकालाच बसवलेले असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हा वेग हवा असेल तर चाकच मोठे करावे लागे. ते इतके मोठे झाले की स्वार जवळजवळ पुरुषभर उंचीवर बसे आणि खड्डा आला की डोक्यावर पडे. हा हौशी, पैसेवाल्या तरुणांचा खेळ होता. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके बेताची, आणि पायट्यांचा जोर साखळीने मागच्या चाकाला. पुढचे दातेरी चक्र मोठे, मागचे लहान. म्हणून पायाच्या एका फेऱ्यात चाक दोन-अडीच फेरे घेते. मोठ्या चाकाचे काम साखळीने केले. पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि हाडे खिळखिळी होणे थांबले. दहा-बारा वर्षांत भाव उतरले, जुन्या सायकली हातोहात फिरू लागल्या, आणि विणकर, सुतार, कारकून असे लोक सायकलीवर दिसू लागले.

आता एक छोटे गणित करू. पाटी-पेन्सिल लागणार नाही. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, असे धरा. सुट्टीच्या दिवशी सहा तास चालायचे ठरवले, तर तीन तास जायला आणि तीन यायला. म्हणजे घरापासून पंधरा किलोमीटर. सायकलीवर तो तासाला सहज पंधरा जातो. म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. घर मध्ये धरून वर्तुळ काढले तर त्रिज्या तिप्पट झाली आणि मुलूख नऊपट झाला. हे सायकलीचे देणे.

पण सुट्टी एकच दिवसाची असेल तर संध्याकाळी परतावेच लागते. दुसऱ्या दिवशीही सुट्टी असली, तर पहिले सहाही तास पुढे जाता येते, नव्वद किलोमीटर. रात्री तेथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत. त्रिज्या दुप्पट, मुलूख चौपट. हीच दुसरी सुट्टी चार दिवसांनी दिली, तर पुन्हा तेच पंचेचाळीस किलोमीटर. हिशेबनिसाच्या वहीत दोन सुट्या म्हणजे दोन सुट्या. कामगाराच्या दृष्टीने एकामागून एक आलेले दोन दिवस आणि तुटक दोन दिवस या दोन निराळ्या वस्तू आहेत.

इंग्लंडात ही जोडणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील बायका व अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवावे असे ठरले. बायका निघून गेल्यावर गिरणी चालवायची कोणी? तेव्हा पुरुषांनाही अर्धा शनिवार मिळाला. त्याला रविवार जोडून होताच. पुढे 1871 मध्ये सर जॉन लबक यांनी बँकांच्या सुट्यांचा कायदा करवून घेतला. त्यात ईस्टरचा सोमवार आला. गुड फ्रायडे पूर्वीपासूनच पाळला जात असे. कायदा बँकांचा, पण बँक बंद म्हणून पेढी बंद, पेढी बंद म्हणून कारखाना बंद, अशी ती सुट्टी पसरत गेली. गुड फ्रायडे ते सोमवार, चार दिवसांची साखळी.

या साखळीवर स्वार झालेली मंडळी म्हणजे क्लॅरियन सायकल क्लब. रॉबर्ट ब्लॅचफर्ड याने 1891 च्या डिसेंबरात मँचेस्टरला ‘क्लॅरियन’ नावाचे समाजवादी साप्ताहिक सुरू केले होते. 1894 च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम येथे त्याचे काही तरुण वाचक जमले आणि त्यांनी सायकल क्लब काढला. टॉम ग्रूम हा त्यातला मुख्य. पुढच्याच वर्षी, 1895 च्या ईस्टरला, डर्बीशायरमधील ॲशबर्न गावी निरनिराळ्या शहरांतले सभासद सायकली हाकत जमले, आणि दर ईस्टरला असे जमण्याची प्रथा पडली. वाटेत एकाने दुसऱ्याला पाहून ‘बूट्स!’ म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्याने ‘स्पर्स!’ असे उत्तर द्यायचे, ही त्यांची रामराम करण्याची रीत. झोळीत पत्रके असत. गाव लागले की वाटायची, जमल्यास चौकात भाषण करायचे. बायकाही क्लबात होत्या. मँचेस्टरच्या पँकहर्स्ट भगिनी, ख्रिस्टाबेल व सिल्व्हिया, मताधिकाराच्या लढ्यात पुढे गाजल्या. त्या आधी क्लॅरियनच्या सायकलस्वार होत्या.

ब्लॅचफर्डविषयी एक सांगितले पाहिजे. 1914 च्या महायुद्धात तो युद्धाच्या बाजूने उभा राहिला आणि त्याचे पुष्कळ अनुयायी दुरावले. संपादक गेला तरी सायकली राहिल्या. 1936 च्या सुमारास क्लबचे सभासद आठ हजारांवर होते. लँकेशायरमधील नेल्सन या विणकरांच्या गावाजवळ, रफली येथे, 1912 साली बांधलेले क्लॅरियनचे एक घर अजून उभे आहे. रविवारी येणाऱ्या वाटसरूंना तेथे मोठ्या मगात चहा मिळतो.

लँकेशायरचे नाव निघाले म्हणून थोडे थांबू. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात कापड काढतात, त्यांच्या कामगारांना तासांचे बंधन नाही, अशी ओरड लँकेशायरच्या मालकांनी केली आणि हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा व्हावा असा तगादा लावला. कणव मुंबईच्या पोरांची नव्हती. स्वतःच्या नफ्याची होती. 1881 चा कायदा झाला, पण त्यात मोठ्या माणसांना आठवड्याची सुट्टी नव्हतीच. ती मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखा माणूस लागला. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेले. त्यांनी 1884 पासून कामगारांना संघटित करून रविवारची मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार बायाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला सरकारी आधार दिला. म्हणजे ॲशबर्नला पहिला सायकल-मेळा भरला, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगाराच्या हाती पहिला रविवार पडून अवघी पाच वर्षे झाली होती.

फ्रान्सची हकीकत थोडक्यात सांगतो. 1936 च्या मे-जूनमध्ये तेथील कामगार संप करून कारखान्यांतच बसून राहिले. 20 जूनच्या कायद्याने त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, सलग. सरकारातील लेओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेची स्वस्त तिकिटे काढली. ज्यांना तेही परवडेना ते दोघांनी चालवायच्या जोडसायकलीवर निघाले. पुढे नवरा, मागे बायको. त्या उन्हाळ्यात कित्येकांनी प्रथमच समुद्र पाहिला.

आता आमच्या गावाकडे येऊ. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. सगळीकडे एकाच दिवशी यंत्रे बंद राहू नयेत, वीज वाटून वापरली जावी, म्हणून ही रीत पडली. विजेची सोय झाली, पण बापाला गुरुवार आणि पोरांना रविवार, असे घर दुभंगले. रविवारला जोडून येणारा सोमवार आमच्या काय कामाचा? आमची जोडणी बुधवारी किंवा शुक्रवारी सण आला तरच. आज तर असा एक वर्ग वाढला आहे की ज्याला वारच नाही. पाठीवर मोठी पिशवी अडकवून घरोघर जेवण पोहोचवणारी मुले तीच सायकल चालवतात, त्याच रस्त्यावर, आणि इतरांच्या जोडसुट्टीला त्यांची सर्वांत जास्त धावपळ. त्यांना सुट्टी कोणी नाकारत नाही. फोन बंद ठेवला की झाली सुट्टी, पैसेही बंद.

2011 साली 26 जानेवारी बुधवारी आली. आम्ही तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात युनियनचे काम पाहत होतो. काही पोरांनी सायकलीवर कार्ल्याला जाऊन मुक्काम करण्याचा बेत केला. तोच फळ्यावर सूचना लागली: माल तातडीने जायचा असल्याने गुरुवारी काम चालू राहील, बदली सुट्टी रविवार, ता. 30. कायद्याने अशी सुट्टी तीन दिवस मागे-पुढे हलवता येत असे. सूचनेत खोट नव्हती. मॅनेजरसाहेबांना तर आपण उपकारच केला असे वाटत होते. ‘रविवार देतोय, मुले घरी असतात, आणखी काय हवे?’ आमच्या कमिटीतील अर्धे लोक त्यांच्याशी सहमत. एक जुने सभासद म्हणाले, ‘भाऊ, सुट्टी लग्नाला मागावी, दुखण्याला मागावी. सायकल फिरवायला सुट्टी मागितली तर लोक हसतील.’ आणि आम्ही खरेच शरमलो. पत्रात ‘सहल’ हा शब्द लिहायला हात धजेना. ‘कामगारांची वैयक्तिक कामे’ असे लिहिले. रजेच्या अर्जावर आयुष्यात कधी खरे कारण लिहिले नव्हते, तेव्हाही नाही.

दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत आम्ही पत्र बाजूला ठेवले आणि वर सांगितलेले वर्तुळाचे गणित साहेबांच्या टेबलावर कागदावर काढून दाखवले. त्यांनी ते ऐकून घेतले, एवढे मात्र खरे. माल एकाच खात्याचा अडला होता. त्या खात्यातील ज्यांची तयारी असेल त्यांनी गुरुवारी यावे आणि रविवार घ्यावा, बाकीच्यांचा गुरुवार कायम, असे ठरले.

झेंडावंदन करून आम्ही अकराजण निघालो. जड काळ्या सायकली, त्यातल्या दोन मागून आणलेल्या. वडगावच्या पुढे समोरून वारा सुटला. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याला श्रम बरेच कमी पडतात. हे कोणी शिकवले नव्हते. दोन मैलांत सगळे आपोआप एका रांगेत आले आणि पुढचा दमला की मागे सरू लागले. मुक्काम एका सभासदाच्या बहिणीकडे, मळवलीजवळ. ताईंनी अकरा माणसांना पिठले-भाकरी घातली आणि ‘पुन्हा आधी कळवून या’ असे बजावले.

गुरुवारी सकाळी एकवीरेचे दर्शन घेऊन लेणे पाहिले. आमच्यात फौंड्रीतला एक पॅटर्नमेकर होता. लाकडाचे साचे करणारा. कार्ल्याच्या चैत्याचे छत दगडात कोरलेले, पण त्याला आतून लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. सगळे बाहेर पडले तरी तो मान वर करून आतच उभा. चहा पिऊन आम्ही परत आलो तेव्हाही तेथेच. शुक्रवारी पहिल्या पाळीला पाहतो, तर खात्यात त्याच्याभोवती सात-आठजण जमलेले, आणि तो फरशीवर खडूने ती कमान काढून लाकूड कसे वाकवले असेल ते समजावून सांगत होता. फोरमनही ऐकत उभा होता.