चौकट : गाडीत बाटली, तर गाडीही अडकेल

मुरबे, सातपाटीचे मासळीचे टेम्पो असोत की तारापूर एमआयडीसीतून बोईसर-चिल्हारमार्गे महामार्गाला लागणारे ट्रक, गुजरातच्या फेऱ्या रोजच्याच. दमण वाटेवर, आणि तिथे दारू स्वस्त.

दमणची बाटली महाराष्ट्रात आणायची तर वापीमार्गे गुजरात ओलांडावाच लागतो. तिथे दारूबंदी. तलासरीजवळ सीमा ओलांडली तरी सुटका नाही, कारण आपला कर न भरलेली, फक्त केंद्रशासित प्रदेशात विक्रीसाठी असलेली दारू बाळगणे वा वाहून नेणे इथेही गुन्हाच. दोन्ही राज्यांच्या कायद्यांचे मूळ एकच : मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949. ‘स्वतःपुरतीच आहे’ हा बचाव चालत नाही.

महाराष्ट्रातल्या दुकानातून घेतलेल्या दारूलाही परवाना लागतो आणि प्रमाणाची मर्यादा असते. परवाना व्यक्तीचा असतो, गाडीचा नव्हे. क्लीनरच्या किंवा शेठच्या नावावर खपवता येत नाही.

खरा फटका मालकाला. मालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. आपण योग्य खबरदारी घेतली होती, हे त्यालाच न्यायालयाला पटवावे लागते.

पिऊन चालवणे हा वेगळा गुन्हा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.